लाल तोफांची गुराब

“तोफा लाल कोणी केल्या?”

हे मी ओरडले, आणि असं ओरडले की मांडवीच्या दरवाजावरची सगळी कबुतरं उडाली ती थेट पादरा गावाला जाऊन बसली. पादऱ्याहून तर मी आणि आई नुकत्याच आलो होतो. मावसबहिणीच्या मुलाचं बारसं आटोपून, एस.टी.च्या धुळीने केस पांढरे करून, हातातली घुगऱ्यांची पुडी तशीच धरून मी गच्चीचा जिना चढले होते, कारण घरात शिरताच टर्पेंटाइनचा वास आला होता आणि आमच्या घरात टर्पेंटाइनचा वास म्हणजे कुणीतरी बळी गेला एवढं नक्की. गच्चीत जुन्या वर्तमानपत्रांवर माझी गुराब, मी केलेलं लाकडी जहाज, उभी होती. तिचं अंग लखलखीत चंदेरी. तोफा भडक लाल. दोन्ही डोलकाठ्या आकाशी. डेकवरची पाण्याची चिमुकली पिंपं हिरवी. आणि शेजारी पाटावर बसलेले बाबा, बनियनवर रंगाचे शिंतोडे, कानामागे ब्रश, चेहऱ्यावर पहिला नातू बघणाऱ्या माणसाचं हसू.

“मी केल्या,” ते म्हणाले. “आगीशी संबंध असलेली वस्तू लाल. नियमच आहे.”

“आणि डोलकाठ्या?”

“त्यांचा संबंध वाऱ्याशी. हवेच्या पाइपाला आकाशी. पाण्याला हिरवा. आणि बाहेरून चंदेरी, म्हणजे ऊन परत फेकतं, आत माल तापत नाही.”

“बाबा, हे लढाऊ जहाज आहे! यात माल नसतो!”

“दारू असते ना?” बाबा शांतपणे म्हणाले. “मग तर तापता कामाच नये.”

शेजारच्या गच्चीत कोकिलाबेन पापड वाळत घालत होत्या. त्यांनी कठड्यावरून मान काढली, गुराब पाहिली आणि हात जोडले. “अरे वाह भाई, केटलुं चमके छे! अमारी पाणीनी टांकी पण करी आपो ने!”

मी खाली बसले. जहाजाच्या मागच्या बाजूला, सुकाणूच्या वर, जिथे मी एक बारीक वेलबुट्टी कोरायची म्हणून जागा राखली होती, तिथे पत्र्याचा साचा ठेवून काळ्या अक्षरांत रंगवल्याची तारीख घातलेली होती. आणि तिच्याखाली, पुढचा रंग कधी द्यायचा, ती तारीख.

आता हे समजायचं तर आमचं घर समजलं पाहिजे. बाबा कोयलीच्या रिफायनरीत रंगकामाचे सुपरवायझर होते. भल्या पहाटे त्यांची बस गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा द्यायची आणि त्या भोंग्यावर आमची अख्खी गल्ली दूध तापवायला ठेवायची. दिवसभर हा माणूस राक्षसाएवढ्या टाक्या आणि बडोद्यापासून दिल्लीपर्यंत पुरतील एवढे पाइप रंगवून घ्यायचा, आणि संध्याकाळी घरी आला की हाताला खाज सुटायची. आमच्या घरात रंग न लागलेली गोष्ट म्हणजे फक्त आईचा स्वयंपाक. न्हाणीतल्या थंड पाण्याचा नळ हिरवा, बंबाला चंदेरी, तुळशीवृंदावनाला रेड ऑक्साइडचा पहिला हात, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एक गाय रोज पोळी खायला दारात उभी राहायची. ती जरा जास्त वेळ हलली नसती तर तिलाही प्रायमर बसला असता. मी हे जरा वाढवून सांगते असं माझी सून म्हणते. तिने ती गाय पाहिली नव्हती. उजव्या शिंगाला चंदेरी ठिपका होता, मी शपथेवर सांगते.

आई देवगडकडची. खाडीच्या काठावर वाढलेली बाई लग्न करून बडोद्याला आली आणि तिला पाणी म्हणून काय मिळालं, तर सुरसागर तलाव आणि विश्वामित्री, जिच्यात मगरी. “ह्या गावात पाण्यात पाय घालूक भीती,” असं ती लग्नानंतर कितीतरी वर्षं म्हणत होती. मासळी आणली तर खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून बांगडे तळायचे, आणि वास गेलाच तर कोकिलाबेन मोठ्या मनाने म्हणायच्या, “आजे तमारे त्यां कंई जुदी जातनुं शाक लागे छे.” वेगळ्या जातीची भाजी! दर रविवारी आमच्याकडे ती भाजी असायची, आणि कोकिलाबेनचा मुलगा दर रविवारी बरोबर त्याच वेळेला माझ्याकडे गणित विचारायला यायचा.

आणि मी. मी बारावी झालेली, जिभेने तिखट आणि अर्धवट कामांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. एका बाहीचा स्वेटर, निम्म्यावर सोडलेली पेटीची शिकवणी, कडेची नक्षी पूर्ण आणि मधे काहीच नाही अशी रांगोळी. माझ्या अर्ध्या राहिलेल्या वस्तू एकीवर एक रचल्या असत्या तर सयाजीबागेतल्या झाडांवरून पलीकडचं दिसलं असतं. त्या उन्हाळ्यात मी घरात जाहीर केलं की मला शिल्पकला शिकायची आहे. बाबांनी ताटातली कढी संपवली, वाटी पालथी घातली आणि म्हणाले, “गणपती करणारे लोक चार महिने काम करतात. उरलेले आठ महिने तू काय करणार?” त्यांच्या मनात माझ्यासाठी टायपिंगचा क्लास होता, मग बँकेची परीक्षा, मग बँकेतलाच एखादा मुलगा.

मी रडले, चिडले, जेवण सोडलं. म्हणजे दुपारचं. संध्याकाळी सेव-उसळ आली होती, त्यामुळे उपोषण मोडावं लागलं. शेवटी बाबा म्हणाले, “एक वस्तू कर. एकच. तुझ्या हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी. ती पुरी झाली तर ती घेऊन जा कलेच्या कॉलेजच्या मुलाखतीला, मी अडवणार नाही. अपुरी राहिली तर टायपिंग.”

शहाण्या मुलीने मातीचा पोपट केला असता. पण माझं तोंड नेहमी माझ्या हातांच्या चार पावलं पुढे चालतं. भिंतीवर एका जुन्या दिवाळी अंकातलं चित्र चिकटवलेलं होतं, आईने माहेरची आठवण म्हणून लावलेलं: मराठ्यांच्या आरमारातली गुराब, पुढे चोचीसारखं निमुळतं नाक काढलेली. चित्र तळहाताएवढं. मी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “ही करीन. डोलकाठ्या, शिडं, तोफा, दोरखंड, सगळ्यासकट.” बाबा हसले. ते हसले नसते तर मी कदाचित संध्याकाळपर्यंत पोपटावर आले असते.

आज माझा नातू संगणकावर बोट टेकवतो आणि दाराशी पेटी येते. तिच्यात जहाजाचे तुकडे, प्रत्येकावर क्रमांक, चिकटवायचा डिंकसुद्धा आत. छान दिसतं जहाज. मी त्याला काही म्हणत नाही. फक्त त्याच्या खोलीतून जाताना जरा जोरात खोकते.

माझ्याकडे लाकूड म्हणाल तर फळवाल्याकडून आणलेली देवदारी खोकी होती. त्यांच्या फळ्या उकलून, रंधून, पट्टीएवढ्या अरुंद आणि बिस्किटाएवढ्या पातळ करायच्या. कणा आणि बरगड्या सागवानाच्या, आणि सागवान कुठून आलं हे आईने विचारलं नाही, पण त्यानंतर आमचा एक पाट कायमचा तीन पायांवर लंगडत राहिला. फळ्यांना बाक द्यायचा म्हणजे त्या वाफवायला हव्यात. वाफ कुठे? बंबात. मी रात्री भिजवलेल्या फळ्या सकाळी बंबाच्या पाण्यात उभ्या करायची आणि बाबा त्याच पाण्याने आंघोळ करून देवदाराच्या जंगलासारखे घमघमत बसमध्ये चढायचे. बसमधले लोक त्यांना विचारत की साहेब, साबण कुठला. गरम फळी फडक्यात धरून बरगड्यांवर वाकवायची, कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायची आणि श्वास धरून बसायचं. पहिल्या किती फळ्या तडकल्या ते मोजलं नाही. आईने त्यांच्यावर महिनाभर चहा केला.

चिकटवायला सरस. सरसाचे तुकडे डब्यात घालून पाण्यावर शिजवायचे, आणि त्याचा वास असा की गेलेला माणूस उठून बसेल आणि पुन्हा पडेल. कोकिलाबेन नाकाला पदर लावून आल्या. “शुं रांधे छे, शैला?” आता त्या पडल्या वैष्णव, आणि सरस हाडं-कातडी उकळून करतात हे त्यांना कसं सांगू? मी म्हटलं, “डिंकाचे लाडू, मावशी.” त्या दोन क्षण घुटमळल्या आणि म्हणाल्या, “थाय त्यारे एक आपजे, कमर दुखे छे.” मग मला खरोखर डिंकाचे लाडू करून द्यावे लागले. ते मात्र पूर्ण केले.

दोरखंडांसाठी उतरायणातल्या उरलेल्या फिरक्या उपसल्या. पतंगाची दोरी मेणातून ओढली की अगदी जहाजी दोर होतो. फक्त साधी दोरी कुठे संपते आणि काचेचा मांजा कुठे सुरू होतो हे बोट कापल्यावर कळतं. शिडं मांजरपाटाची, चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवलेली. तोफा म्हणजे जाड रंगीत पेन्सिलींचे तुकडे, आतलं शिसं कोरून काढलेले, तोंडाशी दोऱ्याचे वेढे. दुपारभर घरात एकच आवाज: पॉलिश कागदाचा, खर्र खर्र. आईची झोप त्याच्यावर लागायची. मी थांबले की ती डोळे न उघडता म्हणायची, “काय गो, दमलीस?” आणि मी पुन्हा सुरू करायची. मी दमत नव्हते असं नाही. पण त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची माझी छाती नव्हती.

एकदा तिने येऊन जहाज हातात घेतलं, डोळ्यांच्या उंचीला धरलं आणि म्हणाली, “नाक वर धरलंस ते खाली आण. ही मिरवूक जात नाही, घुसूक जाते.” मी पुढचा सगळा भाग उकलला. दोन आठवडे मागे गेले. तेव्हा बाबांनी टायपिंगच्या क्लासची चौकशी करून ठेवली.

रंगाचं माझं ठरलेलं होतं. वरच्या अंगाला अळशीचं तेल, नुसतं, म्हणजे लाकूड मधासारखं दिसतं. पाण्याखाली जाणाऱ्या भागाला चुना आणि तेल खलून केलेला पांढरा लेप. तोफांना काजळी. सगळं वाट्यांत झाकून तयार होतं. बारशाहून आल्यावर लावायचं, सकाळपर्यंत वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत. आणि बारशाच्या दिवशी बाबांना सुट्टी होती.

तर आता पुन्हा गच्चीत चला, मी अजून तिथेच ओरडते आहे.

“पुसून टाकते,” मी म्हणाले.

बाबांचं हसू गेलं. “सकाळपासून बसलोय मी. पाठ मोडली. प्रायमर, मग दोन हात. पुरी झाली आता तुझी बोट.”

“बोट नाही, गुराब. आणि माझी पुरी नाही झाली, तुमची झाली. बोलणं काय झालं होतं आपलं? माझ्या हाताने.”

“रंग काढलास तर ती अपुरी,” बाबा उठले. “उद्या सकाळी सहाला मी निघतो. तेव्हा अपुरी दिसली तर जायचं नाही. बोलणं हेही झालं होतं.”

“मी बसले होते ना करायला! तुम्हाला कोणी सांगितलं?”

ते जिन्याच्या तोंडाशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाटलं, राहील तुझी. नेहमीसारखी.” आणि खाली गेले.

आता ह्या वाक्यावर मी इतकी वर्षं रागावून पाहिलं आहे, पण राग नीट लागत नाही. माणसाला टायपिंगच हवं होतं, तर त्याने नुसतं हातावर हात धरून बसायचं होतं. तो सुट्टीच्या दिवशी उन्हात बसून माझी हरलेली बाजू रंगवत होता, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. पण त्या दुपारी मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

आईने वर येऊन एकंदर देखावा पाहिला, साडीचा पदर खोचला आणि फाटक्या धोतराच्या चिंध्या आणून दिल्या. “ते जेवतील. तू तुझं कर.” एवढंच. टर्पेंटाइनची बाटली बाबांचीच होती. रंग अजून पुरता धरला नव्हता हे माझं नशीब. चिंधी बुडवायची, घासायचं, चिंधी फेकायची. चंदेरी निघायचा, खालून लाल प्रायमर. तो निघायचा, खालून माझं लाकूड, रडून डोळे सुजल्यासारखं. जिथे चिंधी पोचत नव्हती तिथे फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडलं. सुतार काचेने खरवडतात तेव्हा मोठं सोपं दिसतं. माझे हात रिफायनरीच्या टाकीसारखे झाले, आणि कोकिलाबेन कठड्यावरून हळहळत होत्या: “अरेरे, आवुं सरस चमकतुं हतुं!”

आणि घासता घासता मला ते दिसलं. दोरखंडांवर रंगाचा एक थेंब नव्हता. त्या केसाएवढ्या दोऱ्या, डोलकाठीपासून कडेपर्यंत जाळ्यासारख्या ताणलेल्या, आणि त्यांच्यामधून ब्रश घालून डोलकाठ्या आकाशी झालेल्या, तरी दोरीला डाग नाही. कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्यांचा ढीग पडला होता. माणसाने एकेका दोरीला कागद गुंडाळला होता, रंगवलं होतं आणि एकेक कागद सोडवून काढला होता. डेकच्या खाली, जिथे उंदरानेही डोकावलं नसतं, तिथे त्यांचा हात एकसारखा फिरला होता. कुठे ओघळ नाही, कुठे केस चिकटलेला नाही. चुकीचा रंग इतका चोख लावलेला मी पुन्हा कधीच पाहिला नाही, आणि पुढे मी बरेच मोठमोठे लोक चुकीचे रंग लावताना पाहिले.

मी थांबले नाही. हे सांगायला हवं, कारण माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली की त्या म्हणतात, मग तू तसंच ठेवलंस ना? छे. चंदेरी जहाज घेऊन मी मुलाखतीला गेले असते तर आज बँकेच्या पेन्शनवर असते. मी सगळं घासलं. डोलकाठ्या घासल्या, पिंपं घासली, तारखा तर मी दात ओठ खाऊन खरवडल्या. तेल लावलं. चुन्याचा लेप दिला. सुजलेलं लाकूड तेल पिऊन शांत झालं आणि मधाचा रंग खरोखर आला. प्रायमरची एक लालसर झाक मात्र रंध्रांत राहिली ती राहिलीच, आणि तिच्यामुळे ते लाकूड खाऱ्या पाण्यात मुरल्यासारखं दिसायला लागलं. मग मी तोफांना चिंधी लावली.

आणि लावली ती तशीच धरून बसले. त्या लाल तोफांकडे बघत. खोटं कशाला सांगू, काजळीची वाटी माझ्या हाताशी होती. वेळही होता. पण काळ्या तोफा मी कधीही केल्या असत्या. मध रंगाच्या अंगावर ती लाल तोंडं अशी दिसत होती की जहाज आत्ताच कुणावर तरी भडकलं आहे. शिल्पकार म्हणून मी घेतलेला तो पहिला निर्णय. त्यात बाबांचा वाटा किती आणि डोळ्यांचा किती, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

सकाळी भोंग्याच्या आधी बाबा वर आले. बूट घातलेले, डबा हातात. मी शिडं बांधून शेवटची गाठ मारत होते. त्यांनी चष्मा लावला, वाकले, जहाजाच्या अंगावरून एक बोट शेवटपासून नाकापर्यंत फिरवलं, ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. तोफांपाशी ते जरा थांबले. मग खाली भोंगा झाला आणि ते गेले.

“आता?” मी आईला विचारलं.

“बोट पुसलं त्यांनी?”

“नाही.”

“मग रंग लागला नाही. म्हणजे पुरी झाली. केस विंचर आणि चल.”

रिक्षात मांडीवर गुराब घेऊन मी आणि आई निघालो. रिक्षावाल्याने आरशातून इतक्या वेळा मागे पाहिलं की आम्ही दोनदा गायीवर आणि एकदा पोलिसावर जाता जाता वाचलो. मुलाखतीच्या खोलीबाहेर सगळी हुशार मुलं. कुणाकडे आईचा चेहरा मातीत, कुणाकडे हात जोडलेले गांधीजी, कुणाकडे नुसती वाकडी सळई, जिच्याकडे बघून बाकीचे मान हलवत होते. मी गुराब टेबलावर ठेवली. समोर पांढऱ्या दाढीचे एक मास्तर बसले होते, त्यांच्या दाढीत प्लॅस्टर अडकलेलं. त्यांनी गुराब चारी बाजूंनी फिरवून पाहिली, दोरी ताणून पाहिली, नाकाची धार अंगठ्याने पाहिली. मग तोफेवर नख वाजवलं.

“तोफा लाल का?” त्यांनी हिंदीत विचारलं.

आता माझं तोंड पुढे निघालंच होतं. “सर,” मी म्हणाले, “आमच्या आरमारात तोफा लालच असत. शत्रूला लांबून वाटायचं की जहाजाला आग लागली आहे, म्हणून तो लुटायला जवळ यायचा, आणि जवळ आला की...”

“कुठे वाचलंत?”

दाढीतलं प्लॅस्टर माझ्याकडे बघत होतं.

“हे सगळं तुमच्या हाताचं आहे?” त्यांनी विचारलं. नियम तोच होता, बाहेर फळ्यावर लिहिलेला: काम संपूर्ण स्वतःच्या हातचं हवं. ‘हो’ म्हटलं की सुटले. कोण शोधणार होतं? बाबा कोयलीला टाकीवर होते.

“तोफांचा रंग सोडून,” मी म्हणाले. “तो वडिलांनी दिलाय. ते रिफायनरीत रंगकाम करून घेतात. त्यांच्याकडे आगीशी संबंध असलेलं सगळं लाल असतं. त्यांनी पूर्ण जहाजच रंगवलं होतं. मी घासून काढलं.”

“आणि तोफा का नाही काढल्या?”

“त्या बरोबर होत्या.”

मास्तर मागे रेलले. मला वाटलं, संपलं. टायपिंगच्या क्लासमधला खडखडाट मला तिथे बसल्या जागी ऐकू आला. त्यांनी कोपऱ्यातला ओल्या मातीचा गोळा टेबलावर आदळला, माझ्यासमोर ढकलला आणि म्हणाले, “वडिलांचा हात करा. ब्रश धरलेला.”

मी केला. कसा केला ते मला आठवत नाही, आणि न आठवणारी गोष्ट मी कधीही वाढवून सांगत नाही. एवढं आठवतं की अंगठा तीनदा मोडला आणि तीनदा लावला. मास्तर मधे चहा पिऊन आले. परत आल्यावर त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सोमवारी या. असली साडी नको, खराब होईल.”

संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी बसची वाट बघत उभी होते. आईने शिरा केला होता, कोकिलाबेनला बातमी कळली होती, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, अलकापुरीपर्यंत पोचली होती. बस आली, बाबा उतरले, सकाळचाच चेहरा घेऊन. मी त्यांच्याबरोबर चालू लागले आणि सगळं सांगत सुटले: मास्तर, दाढी, प्लॅस्टर, सळई, गांधीजी, तोफांवर वाजवलेलं नख, हॉलमध्ये दोनशे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असंही मी म्हणाले, आणि ते टाळ्यांचं वाक्य त्यांनी ऐकून सोडून दिलं. शेवटी घराच्या पायरीशी मी म्हणाले, “आणि सगळं तुमचं नाव घेऊन सांगितलं मी त्यांना. लपवलं नाही. मला घेतलं, बाबा. सोमवारपासून.”

बाबांनी बूट काढले, डबा आईकडे दिला आणि भिंतीला टेकवलेल्या माझ्या सायकलकडे बघितलं.

“हिचा मागचा ब्रेक लागत नाही,” ते म्हणाले. “रविवारी बघतो.”